पातळ पत्रा

अंगठा दाबताच शिरस्त्राणाचा पत्रा आत गेला. बोगुस्लावने तोंड वाकडे केले.

“यात कोबी शिजव. डोकं घालू नकोस.”

रांगेतले शिलेदार हसले. शिरस्त्राणाचा मालक मिवोश हसला नाही. लढाई लुटुपुटीची असली तरी गदा लोखंडी होत्या. दोन मिलिमीटरहून पातळ पत्र्याला मैदानात परवानगी नव्हती. बोगुस्लाव स्वतः शिरस्त्राणे घडवी, म्हणून दर जुलैत तपासणीच्या एका टेबलावर तोच बसे. सकाळपासून त्याला किळस आली होती. डब्यासारखा माल, व्हिनेगर चोळून आणलेला गंज, आणि म्हणे सहाशे वर्षांपूर्वीचे पोलंड. हा तर सगळ्यांत घाण नमुना. सांधा घासून लपवलेला, वर काळा रंग.

नापास मालाच्या कारागिराचे नाव तंबूबाहेर लावायचे, हा नियम त्यानेच केला होता. त्याने नाव विचारले. मिवोश आठवत नाही म्हणाला. असल्या कसायाला पाठीशी घालतोस, उद्या तुझी कवटी फुटली तर तो रडायला येणार आहे का, असे बोगुस्लावने सुनावले. मिवोशने शिरस्त्राण परत मागितले. आज लढतच नाही म्हणाला. जवळजवळ विनवणीच केली.

कारागिराचा शिक्का आत असतो. बोगुस्लावने सुरीने आतली गादी कापली. आंबट घामाचा भपका आला. तिच्याखाली आणखी एक गादी निघाली. तीही त्याने उपटली. मानेपाशी शिक्का होता. त्याचा स्वतःचा.

“हालिनाबाईंच्या शेवटच्या हिवाळ्यातलं आहे, उस्ताद,” मिवोश हळूच म्हणाला. “तुम्हाला बोलायचं नाही असं आम्ही ठरवलं. आतून दुहेरी गादी शिवून घेतली. दरवर्षी दुसऱ्या टेबलावरच्या यानूशकडून तपासून घेतो. त्याला ठाऊक आहे. आज मला उशीर झाला, तो जेवायला उठला होता.”

पातळ पत्रा लवकर वळतो. त्या हिवाळ्यात दवाखान्यात हालिनाला, त्याच्या बायकोला, भेटायची वेळ चारला सुरू होई.

बोगुस्लावने नापासांच्या कागदावर स्वतःचे नाव लिहायला घेतले. लिहिता लिहिता तो थांबला.

“आम्ही म्हणजे किती जण?”

“नऊ.”

“बाकीचे आठ कुठे आहेत?”

बाहेर तुतारी वाजली. मिवोशने मान खाली घातली.

“मैदानात उतरलेत, उस्ताद.”