खंडेनवमीची माळ

खंडेनवमी म्हणजे हत्यारं पुजायचा दिवस. स्नेहलने सकाळीच जिन्याखालच्या सोलर बॅटरीच्या पेटीला कुंकू लावून झेंडूची भरगच्च माळ घातली होती. दुपारी ती तिथे उदबत्ती लावत होती, तेवढ्यात खट् आवाज झाला आणि पंखे थांबले.

"जळका वास येतोय. बॅटरी बंद केली आहे," पेटी बोलली.

"उदबत्तीला भ्यायली वाटतं," स्नेहल हसली.

"उदबत्तीला ती फसायची नाही," तिचे सासरे हिंदुराव म्हणाले. हातमोजे चढवून त्यांनी पेटी उघडली. माळेने हवेची जाळी झाकल्यामुळे आत उष्णता कोंडली होती, आणि एका ढिल्या जोडापाशी तारेचं आवरण तपकिरी पडलं होतं. धूर अजून निघाला नव्हता.

वायरमन असताना मामंजी नुसत्या वासावरून बिघाड सांगायचे. म्हणून कंपनीने त्यांना तीन वर्षं जळक्या तारा हुंगायला बसवून त्यांचं नाक यंत्राला शिकवलं. आता घरोघरच्या पेट्यांत तेच नाक होतं. त्यांचं स्वतःचं मात्र त्या धुराने कायमचं गेलं होतं.

"माळ काढ गं. जाळी मोकळी राहू दे."

स्नेहलने माळ काढली, मामंजींच्या गळ्यात घातली आणि वाकून नमस्कार केला.

मामंजी लाजले. सवयीने त्यांनी फुलांत नाक खुपसलं आणि क्षणभर तसेच राहिले.

"ताजी आहेत ना गं?" त्यांनी विचारलं.