मिग की टिग

दुकानात वेल्डिंगची दोन मशिनं शेजारी शेजारी मांडली होती. एक लाल, एक निळं. वहिनींनी दोन्हींभोवती एक फेरी मारली आणि दुकानदाराला विचारलं, "यातलं चांगलं कोणतं?"

त्यांचा धाकटा दीर मागे हात बांधून उभा होता. मशीन त्याच्यासाठी घ्यायचं होतं. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत सुट्टीच्या दिवशी तो हौसेनं लोखंडाचं काम करायचा. फाटक, कपाटाची चौकट, कुंड्यांचे स्टँड. माळ्याला लावायची शिडीही त्यानंच केली होती. तिची वरची पायरी सुटून वहिनी पडल्या, तेव्हापासून त्या खोलीला कुलूप होतं. वहिनींना ते बघवेना. आपल्या पडण्यापायी याचा हात थांबला, असं त्यांनी मनाला लावून घेतलं होतं. म्हणून आज त्याच त्याला ओढून इथं घेऊन आल्या होत्या.

दुकानदाराला समजावून सांगायची हौस होती. लाल ते मिग. खटका दाबला की तार आपोआप पुढे येते, एका हाताचं काम, भराभर उरकतं. निळं ते टिग. एका हातात ठिणगीचा टॉर्च, दुसऱ्या हातात सळई, पायाखाली पेडल. जोड दिसायला सुरेख, पातळ पत्राही जळत नाही, पण तिथं घाई चालत नाही. घरच्या कामाला मिग पुरे, असं त्याचं मत पडलं.

"टिगच द्या," दीर म्हणाला.

दुकानदारानं विचारलं, स्टीलचं नाजूक काम करता का? नाही. मग कशाला उगीच? घाई करता येणार नाही म्हणून, असं दिराच्या ओठांवर आलं होतं. जोड पक्का हवा, एवढंच तो म्हणाला. पक्का दोन्हींचा होतो, दुकानदार म्हणाला, करणाऱ्यानं केला तर.

"शिडीला यातलं कोणतं लागतं?" वहिनींनी मध्येच विचारलं.

"शिडीला? शिडीला यातलं एकही नको, ताई. साध्या रॉडच्या मशीननं नीट जोडा, हत्ती चढला तरी हलायची नाही."

"ऐकलंत ना, भावजी? म्हणजे हत्तीपेक्षा मीच भारी."

आणि त्या हसल्या. काही ठाऊक नसलेला दुकानदारही हसला. हसता हसता वहिनींनी खांद्यावरून घसरलेली पर्स डाव्या हातानं सावरली. उजवं मनगट आता वळत नव्हतं. त्यांच्याकडे शिवायला येणारे कपडे दुसरीकडे जाऊ लागले होते. वजनाचा हा विनोद त्या घरी येईल त्याला ऐकवायच्या. घरात सगळे हसायचे. दीरही हसायचा.

आज त्याला हसता आलं नाही.

एकदा चालवून तर बघा, म्हणत दुकानदार दोघांना मागच्या अंगणात घेऊन गेला. दिराच्या डोक्यावर त्यानं मुखवटा चढवला. वहिनींच्या हातात काळी काच बसवलेली ढाल दिली आणि बजावलं, ठिणगी थांबेपर्यंत ही तोंडासमोरून काढायची नाही. मग दोन पट्ट्या टेबलावर ठेवून त्यानं मिग सुरू करून दिलं.

दिरानं खटका दाबला. इतक्या दिवसांनी हात चुकेल असं त्याला वाटलं होतं. चुकला नाही. जोड सरळ, एकसारखा पुढे सरकत गेला. दुकानदारानं पट्टी शिकंज्यात धरून हातोडीनं ठोकून ठोकून वाकवली. पट्टी वाकली, जोड तसाच राहिला.

"हात बसलेला आहे तुमचा," तो म्हणाला. "तुम्ही केलेलं सुटायचं नाही."

दीर मुखवटा काढायचं विसरून तसाच उभा होता. काळ्या काचेतून काहीच दिसत नव्हतं. वहिनी नेमक्या कुठे उभ्या आहेत, तेही नाही.

"वहिनी," तो म्हणाला, "ती पायरी मी पुरती जोडलीच नव्हती."

मुखवट्याआडूनच तो पुढे बोलत राहिला.

"नुसते दोन ठिपके मारून जागेवर बसवली होती. पक्कं नंतर करायचं असतं. तेवढ्यात मॅच सुरू झाली, मी उठलो. दुसऱ्या दिवशी तुम्ही शिडी मागितलीत, तर तशीच रंगवून दिली. रंगवताना लक्षात होतं माझ्या. म्हटलं, वहिनींचं वजन ते काय. चालून जाईल."

तो थांबला. अजून राहिलंच होतं.

"तुम्ही दवाखान्यात होतात, तेव्हा शिडी कापून भंगारात घातली. सगळ्यांना वाटलं, रागानं. कुणाला दिसू नये म्हणून घातली."

दुकानदार हातोडी हातात घेऊन घुटमळला. कुठे बघावं ते त्याला कळेना. शेवटी तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, मशीन बंद आहे. काच खाली घेतली तरी चालेल."

दिरानं स्वतःचा मुखवटा वर केला. वहिनी दोन हातांच्या अंतरावरच उभ्या होत्या. डाव्या हातानं धरलेली ढाल त्यांच्या तोंडासमोर तशीच होती. त्यांनी ती खाली घेतली नाही.

"मग भावजी," त्या काचेआडून म्हणाल्या, "मी रात्रीचं जेवण कशाला सोडलं?"