सहावा दिवा

बाई गाडीत बसली होती, पण किल्ली काही फिरवत नव्हती.

पाव तास झाला. गॅरंटीशेठनं गाडीभोवती चौथी फेरी घातली. जुन्या गाड्या विकण्यात त्याची तीस वर्षं गेलेली. कागदावर हमी म्हणून कधी दिली नाही, तोंडी मात्र सात पिढ्यांची द्यायचा. म्हणून बाजारानं हे नाव पाडलेलं. भांडणारं गिऱ्हाईक त्याला आवडे. मुक्या गिऱ्हाइकापुढे त्याला घाम फुटे. त्यात आज सकाळपासून जीव थाऱ्यावर नव्हता. लेक तान्ह्या बाळाला घेऊन सासरी निघाली होती, डोंगर ओलांडून, एकटीच. त्यानंच दिलेल्या पांढऱ्या गाडीतून.

गप्प राहवेना, तेव्हा त्यानं गोष्टींची पोतडी सोडली.

"ताई, टोयोटा आहे ही! अशीच एक आमच्या ओळखीच्यांची पुरात वाहून गेली. तीन दिवसांनी सापडली. दार उघडलं तर आतून मासे पडले, आणि रेडिओ चालू!"

"मासे कुठलं स्टेशन ऐकत होते?" बाईनं विचारलं.

"आता ते कोण विचारणार? दुसऱ्या एकीवर वडाएवढं झाड पडलं. झाड गेलं, गाडी आहे. नाव उगाच झालंय का, ताई? थांबणं म्हणून हिला ठाऊकच नाही."

बाई पंचावन्नच्या आसपासची. बोटांच्या पेरांना घट्टे. नवऱ्याला आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यावं लागे, आणि स्कूटरवर त्याला आता बसवत नव्हतं, म्हणून ती गाडी बघायला आली होती. तिनं किल्ली एक घर फिरवली. समोर दिवे लागले. एकेकावर बोट ठेवून तिनं मोजले.

"पाच. सहावा कुठाय? ब्रेकचा, लाल?"

"पाच काय कमी झाले?"

"मी पुस्तिका वाचून आलेय, शेठ. किल्ली फिरवली की सगळे एकदा लागतात. नीट असेल तर विझतात. हा लागलाच नाही."

शेठ खाकरला. चोरी पकडली गेली की तो तिलाच हुशारी म्हणून विकायचा.

"ती धंद्यातली खुबी हो. लाल दिवा दिसला की गिऱ्हाईक दचकतं. म्हणून मी आल्या गाडीचा आधी तो काढतो. सगळ्याच गाड्यांचा. दिवा गेला म्हणून ब्रेक थोडाच जातो?"

बाईनं किल्ली काढून मांडीवर ठेवली.

"गाड्यांच्या आधी हे टोयोटाचं घराणं काय करायचं, ठाऊक आहे?"

"काय?"

"कापडाचे माग. त्यांच्याच मागावर मी सव्वीस वर्षं उभी होते. एक धागा तुटला, की माग आपला आपण थांबायचा. त्या थांबण्यावरच तर नाव झालं त्यांचं. तुम्ही उलटंच सांगत बसलात."

शेठ हसायला गेला. हसू अर्ध्यातच राहिलं.

"आमच्या एका मुकादमाला ते थांबणं डोळ्यांत खुपायचं. त्यानं थांबवणारी तार बांधून टाकली. दिवसभर माग धडाधड चालला. काय खूश होता! संध्याकाळी तागा उलगडला, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच फट. माग बिचारा सांगत होता हो. त्यानंच त्याचं तोंड बांधलेलं."

शेठची पाचवी फेरी बॉनेटपाशीच थांबली. बाकी गाड्यांचे दिवे त्यानं सवयीनं काढले होते. लेकीच्या पांढरीचा मात्र विझत नव्हता म्हणून काढला होता. ब्रेक मग बघू, म्हणाला होता. मग नातू झाला, पेढ्यांसारखी गाडी वाटून टाकली, आणि ते 'मग' राहून गेलं.

त्यानं फोन लावला. दोनदा घंटी गेली. तिसऱ्यांदा लेकीनं उचलला.

"बाबा, आता कितव्यांदा? डोंगरमाथ्यावर पोचलेय. पंपावर थांबून बाळाला पाजतेय. आता उतारच आहे सगळा."

"ब्रेक कसा लागतोय?"

"लागतो की. पाय जरा खोल जातोय सकाळपासून. पण दिवा काही लागला नाही."

"लागणार नाही गं! तो माझ्या खणात आहे!"

"काय?"

"किल्ली काढ. बाळाला घेऊन बाहेर ये. मी येईपर्यंत जागची हलू नकोस."

"अहो, पण तुम्हीच तर म्हणता, ही गाडी कधी थांबत नाही—"

"थापा होत्या पोरी त्या! सगळ्या थापा! थांब तू!"

पलीकडे दार उघडल्याचा आवाज आला. मग बाळाचं रडणं, मोकळ्या वाऱ्यातलं. तेव्हा कुठे शेठनं फोन ठेवला.

तो पहिल्या गाडीकडे धावला. दाराला हात लावला आणि काढून घेतला. दुसरीकडे गेला. तिसरीकडे. अंगणात बारा गाड्या चकचकीत उभ्या होत्या, आणि बाराही दिवे त्याच्या खणात, एका डबीत. बाराजणींचा मालक मध्ये उभा राहिला. बसावं अशी एक सापडेना.

फाटकापाशी बाईनं आपल्या म्हाताऱ्या स्कूटरला लाथ घातली. तिसऱ्या लाथेला ती खोकत उठली.

"बसा मागे."

"ही चढेल डोंगर?"

"वाटेत दोनदा बंद पडेल," बाई म्हणाली. "पण पडण्याआधी सांगते."