कासवांची वकील

"माय लॉर्ड, ज्या जाळ्यात कासवं मरतात, त्यातली कोळंबी एखाद्या देशानं नाकारली, तर आंतरराष्ट्रीय व्यापाराचा कायदा मोडतो कसा?" मी टेबलावर हात आपटून विचारलं.

लॉ कॉलेजच्या मूट कोर्टाची, म्हणजे लुटुपुटूच्या कोर्टाची, ही अंतिम फेरी होती. ट्रॉलर बंद ठेवून मालवणहून आलेले बाबा पहिल्या रांगेत सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते. मांडीवर बर्फाचा डबा, त्यात परीक्षकांसाठी कोळंबी. तसल्याच जाळ्यातली.

मच्छीमारांची बाजू विरुद्ध संघातला एक मुलगा लढवत होता. त्यानं कोळंबी फक्त मेन्यू कार्डावर पाहिलेली. बिचारा हरला.

मी करंडक घेऊन खाली आले, तोवर बाबांनी डबा खुर्चीखाली सरकवला होता.

"पटला माका, चेडवा," ते म्हणाले. "आमची कोळंबी कोणी घेवचीच नाय."

मी घाईघाईनं सांगितलं, की बाजू चिठ्ठी टाकून ठरते, म्हणून दोन्ही बाजू पाठ कराव्या लागतात.

"म्हंजे आमची पण तुका पाठ होती?"

करंडक पाठीमागे लपवत मी मान डोलावली.

"मगे त्या पोराक वायच सांगूचा नाय?"