रूपेशचा जुना फोन

"रूपेश, साइन इन करणारे तुम्हीच आहात का?" फोन विचारत होता. खाली दोन चौकोन होते. एकात लिहिलं होतं, 'होय, मी आहे'. दुसऱ्यात, 'नाही, मी नाही'.

गोदूबाईने फोन हातभर लांब धरून अक्षर न् अक्षर वाचलं. मग सुनेला हाक मारली.

योगिनी आतून धावत आली. फोनवर नजर टाकताच तिचा चेहरा कडक झाला.

"आई, 'नाही' दाबा. लवकर. हे चोर आहेत."

वादळ येऊन गेलं होतं. पूर्णगडच्या बाकीच्या होड्या परत लागल्या होत्या. रूपेश आणि त्याचा खलाशी बाबल्या आले नव्हते. शोधायला गेलेल्यांना त्यांची होडी सापडली होती, पण उलटलेली. कोणाला दिसला तर कळवा म्हणून बंदरावरच्या पोरांनी रूपेशचा फोटो आणि घरचा नंबर जिकडेतिकडे पाठवला. त्यावर पहिला फोन आला तो भामट्याचा. "तुमचा माणूस आमच्या दवाखान्यात आहे. मोबाइलवर ओटीपी आलाय तो सांगा." योगिनीने रडत रडत सांगून टाकला. दवाखाना नव्हता, माणूस नव्हता, आणि बँकेत होतं नव्हतं ते गेलं. गोदूबाई तिला एका शब्दाने बोलली नाही. पण तेव्हापासून फोन नुसता वाजला तरी योगिनी दचकायची.

गोदूबाईच्या हातातला फोन मुळात रूपेशचाच. नवा घेतला तेव्हा त्याने जुना आईला दिला आणि स्वतःचं फोटो-नंबरांचं खातं त्यातच राहू दिलं. त्या खात्याचा गोदूबाईला भारी वैताग. मासे विकायला बसावं, गिऱ्हाईक घासाघीस करत असावं, आणि मध्येच फोन किंचाळायचा. अपडेट करा, जागा भरली, पासवर्ड तपासा. ती रूपेशला फोन लावून विचारायची, "आता काय म्हणतोय हा मेला?" तो हसत हसत काय दाबायचं ते सांगायचा. आज विचारायला तोच नव्हता.

"हे बघा, कुठून करतायत ते," योगिनीने पडद्यावर बोट ठेवलं. "कर्नाटक. आपलं कोण आहे तिकडे?"

एवढं बोलेपर्यंत पडद्यावरचा प्रश्न नाहीसा झाला.  गोदूबाई फोन उलटासुलटा करून बघू लागली. काहीच नव्हतं. आणि मग पुन्हा तोच आवाज, तोच प्रश्न, तेच दोन चौकोन.

"आई, ऐका माझं. त्या खात्यात त्यांचे सगळे फोटो आहेत. लग्नातले, होडीवरचे. चोर आत शिरला तर तेही पुसून टाकील. तेवढेच तर राहिलेत आता आपल्याकडे."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच ते ऐकू आलं. तिने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला.

गोदूबाईने सुनेकडे पाहिलं. मग फोन मांडीवर ठेवला, अंगठा लुगड्याला पुसला आणि 'होय'वर दाबला. मासे कापून कापून खरखरीत झालेला अंगठा फोनला कळेना. तिने पुन्हा जोर देऊन दाबला. प्रश्न गेला.

"आई! काय केलंत हे!" योगिनी मटकन खाली बसली.

 गोदूबाई फोनकडे बघत राहिली. अंगणात कोणी तरी येऊन विचारपूस करून गेलं, तिला कळलंही नाही.

मग फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"आये," पलीकडून आवाज आला. बसलेला, खारट आवाज. "मी रूपेश. बाबल्या पण हाय माझ्यासोबत. जिते हाव आम्ही."

गोदूबाईने फोन योगिनीच्या कानाला लावला आणि स्वतः भिंतीला टेकली. 

कर्नाटकातल्या मलपेच्या एका ट्रॉलरने दोघांना पाण्यातून उचललं होतं. वादळात त्याचा वायरलेस बंद पडलेला, त्यामुळे किनारा लागेपर्यंत कोणालाच निरोप देता आला नव्हता. बंदराला लागल्या लागल्या ट्रॉलर चालवणाऱ्या तांडेलाने आपला फोन रूपेशच्या हातात दिला.

"तुमचा कोणाचा नंबरच पाठ नाय गो मला," रूपेश योगिनीला सांगत होता. हसत होता की रडत होता, समजत नव्हतं. "म्हटलं, खातं उघडलं तर त्यात नंबर मिळतील. आणि ता उघडता उघडेना!"

गोदूबाईने फोन मागून घेतला. "त्या तांडेलाला दे."

तांडेलाला मराठी येत नव्हती. गोदूबाईला त्याची भाषा येत नव्हती. आपली मासळी ओरबाडून नेतात म्हणून परमुलखातल्या ट्रॉलरना उभ्या बंदराने आजवर शिव्याच घातल्या होत्या, गोदूबाईनेही घातल्या होत्या. "बाबा," ती म्हणाली, "तुझ्या आयेचा घर भरलेला राहू दे. तुझ्या जाळ्याला कधी तोटा नको पडू दे." ती बोलतच राहिली. पलीकडून तो नुसता "अम्मा, अम्मा" म्हणत होता.

संध्याकाळी दोघे सुखरूप असल्याचा पोलिसांचाही निरोप आला. तोवर बाबल्याच्या घरची माणसं, शेजारीपाजारी, सगळे अंगणात जमले होते. कोणी चहा ठेवला, कोणी देवापुढे नारळ फोडला. गर्दी पांगल्यावर योगिनी सासूच्या पायाशी येऊन बसली.

"आई, तुम्हाला एवढी खात्री कशी होती, की तेच आहेत?"

"खात्री कुठली गो?" गोदूबाई म्हणाली. "माझ्या लेकाचं नाव लिहून खाली विचारत व्हता, आहे की नाही. 'नाही'वर बोट कसं ठेवू मी?"