काठाला टेकलेलं साल

"डॉलर अस्सल आहे," दुकानदार नोव्हाकने नाण्यावरचं भिंग खाली ठेवलं. "पण कुणीतरी तो घासून धुतलाय. आता एका डॉलरची किंमत एक डॉलरच."

प्रसन्न काउंटर धरून उभा राहिला. अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावातल्या या जुन्या नाण्यांच्या दुकानात तो दर शनिवारी यायचा, पण इतका पडलेला चेहरा नोव्हाकने त्याचा कधी पाहिला नव्हता. डॉलर विकायचा नव्हताच मुळी. तो उत्तराला द्यायचा होता. उत्तरा उद्या दूर सनीव्हेलला नोकरीवर चालली होती, आणि वर्षभर ओळख असून या गृहस्थाच्या तोंडून तिच्यासमोर एक कामाचं वाक्य निघालं नव्हतं. शेवटी त्याने ठरवलं होतं, हा डॉलर तिच्या तळहातावर ठेवायचा आणि म्हणायचं, हा लाखात एक आहे, तुझ्यासारखा. बस. पुढचं तिने समजून घ्यावं.

नाही म्हणायला तो बोलायचा भरपूर, पण नाण्यांवर. १९७९ च्या डॉलरचा काठ आधी अरुंद होता, मग टांकसाळीने साचा बदलला, काठ रुंद झाला आणि सालाचे आकडे जवळजवळ काठाला टेकले. ते टेकलेलं साल कमी सापडतं, म्हणून त्याला भाव. मराठी मंडळाच्या गणपतीत, पिकनिकला, जेवणाच्या रांगेत, जिथे माणूस सापडेल तिथे तो हे समजावायचा. लोक कोशिंबीर आणायच्या निमित्ताने सटकायचे. उत्तरा तेवढी शेवटपर्यंत ऐकायची. बिचारी भिडेला बळी पडते, असं त्याला वाटायचं.

खरं तर तो डॉलर अमेरिकेत कुणालाच नको होता. आकाराने जवळजवळ पाव डॉलरच्या नाण्याएवढा, देताघेताना हमखास घोटाळा. आपल्या लोकांना मात्र तो देवासारखा सापडला. आहेराच्या पाकिटात वीसची नोट आणि वर चिकटवायला हा एक डॉलर, झाले एकवीस. प्रसन्नलाही अशी पाकिटं यायची. तो वरचा डॉलर सोलून कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकायचा आणि पाकीट कचऱ्यात. मागच्या आठवड्यात त्याने सहज डबा उपडा केला, तर त्यात हा. अपार्टमेंटमध्ये एकटाच नाचला होता तो.

"कशाने धुतला असेल?" त्याने विचारलं.

"काहीतरी आंबट. ही कडेची तांब्याची रेघ बघ, कशी लाल झालीय. आणि मीठबीठ लावून घासलाय. बारीक चरे आहेत." नोव्हाकने डॉलर परत दिला. "सॉरी, माय फ्रेंड."

कोण गाढव नाणी धुतं, असं मनाशी म्हणत प्रसन्न गाडीत बसला. पण उत्तरा उद्या जाणार होती. धुतलेला तर धुतलेला. त्याने गाडी सरळ सुलभामावशींच्या घराकडे घेतली. उत्तरा शिकायला आली तेव्हापासून या मावशीकडेच राहत होती.

मावशी वर बॅगा भरत होत्या. उत्तरा स्वयंपाकघरात सिंकपाशी उभी होती, बाह्या वर सारून, पाठमोरी. प्रसन्नचा धीर सुटायच्या आत त्याने मूठ पुढे केली.

"हे तुला. म्हणजे... आता त्याला तशी किंमत नाही राहिली. पण तुला द्यायचा होता."

तिने ओला हात पुसून डॉलर घेतला. भिंग नाही, काही नाही, खिडकीशी नुसता तिरका धरला. आणि तिचा चेहरा उतरला.

"परत करतोयस?"

"परत कसला? माझ्या डब्यात सापडला."

"डब्यात कुठून आला?"

प्रसन्नची नजर पलीकडे गेली. तिच्यामागे सिंकच्या कडेला वाटीत चिंच भिजत होती. शेजारी मिठाचा डबा. आणि टॉवेलवर ओळीने मांडलेले डॉलर, एकूणएक लख्ख, कडेची रेघ लाल झालेली.

"मावशीचा नियम आहे," उत्तरा म्हणाली. "शकुनाचं नाणं काळं द्यायचं नाही. संध्याकाळी डोंगऱ्यांकडे बारसं आहे."

"अगं, पण धुवायचं नसतं ते," तो कसाबसा म्हणाला.

"ते तू कधी सांगितलंस? साल काठाला टेकलेलं हवं, एवढंच सांगायचास." तिचा आवाज जरा चढला. "त्यासाठी बँकेतून डॉलरच्या नाण्यांच्या गुंडाळ्या आणून फोडत बसले होते मी. मावशीला वाटलं, पोरीला वेड लागलं. सापडला, तो तुझ्या वाढदिवसाच्या पाकिटावर लावला. वाटलं, हा माणूस दुसरं काही बघणार नाही, पण साल नक्की बघेल. मग विचारेल, कुणी लावला."

इतका आनंद कुठे ठेवावा प्रसन्नला कळेना. त्याने हळूच तिच्या हातातून डॉलर काढून घेतला आणि शर्टाच्या खिशात टाकला. वरून खिसा दाबून धरला. उत्तराला हसू आवरेना.

"उत्तरा," मावशींनी जिन्यावरून हाक मारली, "झाले का गं डॉलर धुऊन?"

"झाले मावशी. एक मात्र प्रसन्न घेऊन चाललाय."

प्रसन्नने घसा खाकरला. वर्षभरात पहिल्यांदा त्याचा आवाज जिन्यापर्यंत नीट पोचला.

"नुसता डॉलर नाही, मावशी."