अडीच वाव

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बुडीद पाचव्यांदा पाण्यात गेली आणि पाचव्यांदा अडीच वाव भरली. तारीख अकरा मे १९२९. जागा रत्नागिरी बंदर, किल्ल्याचा आडोसा. ओहोटी पुरती लागलेली.

रावजीने आकडा टिपला आणि पेन्सिल फळीवर आपटली. तो बंदराच्या कचेरीत कारकून होता. बुडीद म्हणजे दोरीला बांधलेलं शिसं. दोरीला दर वावेला एक गाठ. वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांचं अंतर. कचेरीच्या कोष्टकात ते सहा फूट. ऐन ओहोटीत इथे तीन वाव पाणी भरलं, तर सरकार धक्का बांधायचं मनावर घेणार होतं. मग मुंबईची बोट थेट धक्क्याला लागली असती. आजवर ती लांब बाहेर उभी राहायची आणि माणसांची ने-आण पडाव, म्हणजे वल्ह्यांच्या होड्या, करायचे.

अहवाल मुंबईहून तीनदा परत आला होता. तिन्ही वेळा तांबड्या शाईत एकच शेरा : पुन्हा मोजा. मार्चमध्ये, ज्याचा तळ सतरा फूट पाण्याखाली असतो असं एक सरकारी जहाज याच जागी भर ओहोटीत दोन तास उभं होतं. ते टेकलं नव्हतं. रावजीची दोरी म्हणत होती, पाणी पंधरा फूट.

“विठूकाका, मग जहाज काय चिखलात उभं होतं?”

“सायबाला इचार. जहाज त्याचं.”

विठू तांडेल सुकाणूशी बसून विडी ओढत होता. पडाव त्याचा. तीन आठवडे त्याने रावजीला झुलवलं होतं. आधी सुकाणू मोडलं. मग वारा वाईट. मग घरी पूजा, आणि आठ दिवसांनी पुन्हा पूजा.

“एका महिन्यात दोन पूजा?”

“देवाचं थोडं जास्त झालं तर तुजं काय बिघडलं?”

 रावजीने आज सुताराकडून फूटपट्टी आणली होती. ओली दोरी त्याने फळीवर ताणली आणि एका गाठीपासून दुसरीपर्यंत पट्टी लावली. पुन्हा लावली. साडेसात फूट. पुढची गाठ, साडेसात. त्याच्या पुढची, तीच. ही दोरी एकतीस वर्षं कचेरीच्या खुंटीला होती. आलेल्या प्रत्येक साहेबाने गाठी मोजल्या होत्या. दोन गाठींमधलं अंतर कुणी मोजलं नव्हतं.

“एवढे लांब हात कुणाचे?” रावजी म्हणाला.

विठूने विडी पाण्यात टाकली. “तुज्या बापसाचे.”

रावजीचा बाप धोंडू तांडेल जाऊन अकरा वर्षं झाली होती. चार माणसांसारखाच उंच होता तो, जास्त नाही.

“अठ्ठ्याण्णव साली सायब आला, धक्का बांधतो म्हणाला,” विठू म्हणाला. “दोरी धोंडूच्या हातात दिली, वाव घाल म्हणाला. धोंडूनं हात पसरले, वर हातभर दोरी सोडली, मंग गाठ मारली. दर गाठीला. सायब बाजूलाच उभा व्हता, छत्री घेऊन. चाळीस पडाव व्हते तवा बंदरात. चाळीस घरं. तू इंग्रजी शिकलास तो ह्या दोरीवर.”

“आणि येसूबाई?”

गेल्या मे महिन्यात पालीची येसूबाई बोटीच्या शिडीवरून पडावात उतरताना लाट आली आणि ती दोहोंच्या मध्ये गेली. पंचनामा रावजीनेच लिहिला होता. तेव्हापासून त्याला धक्का हवा होता. तेव्हापासून तो कागदांवर कागद लिहीत होता.

“ती माज्या पडावात उतरत व्हती,” विठू म्हणाला. “तिचा हात माज्या हातातून सुटला. मला नको सांगू.”

त्याने पडाव किनाऱ्याकडे वळवला.

दुपारी रावजीने अहवाल पुन्हा लिहिला. खोली : अठरा फूट नऊ इंच. शेवटच्या रकान्यात मागच्या मोजणीशी पडलेल्या फरकाचं कारण द्यायचं होतं. तिथे त्याने पाऊण तास घालवला आणि लिहिलं : जुनी दोरी सदोष. सदोष कुणी केली, ते लिहिलं नाही. लखोट्यावर लाख लावली.

चार वाजून वीस मिनिटांनी मुंबईकडे जाणारी बोट बाहेर येऊन उभी राहिली. केरू शिपाई लखोटा घेऊन पहिल्या सुटणाऱ्या पडावाकडे निघाला. रावजीने त्याला उताराच्या निम्म्यावर गाठलं, लखोटा त्याच्या हातातून घेतला आणि खाली जाऊन विठूच्या पडावापाशी उभा राहिला. विठूच्या पडावात अकरा माणसं बसली होती. आणखी चार यायची होती.

“हा बोटीवर द्यायचा.”

विठूने लखोटा उलटसुलट पाहिला. “ह्यात काय हाय ते ठावं हाय ना तुला?”

“तुम्हालाही आहे.”

विठूने तो बंडीच्या आत घातला आणि वल्ह्यांवरच्या माणसांना हाक दिली.

पावणेसहाला पडाव परत आला. त्यात मालवणकडचे नऊ उतारू होते, सगळे धडधाकट, आणि एक शिवणयंत्र. सरकारी लखोटा बोटीवर पोचला, की तिथल्या कारकुनाच्या सहीची पोच तांडेलाने कचेरीत आणून द्यायची असते. विठूने ती दिली नाही.

आज सोमवार, वीस मे. पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायला आठवडा राहिला आहे. मुंबईहून कागद आलेला नाही. विठू रोज कचेरीवरून जातो, आणि रावजीने अजून त्याच्याकडे पोच मागितलेली नाही.